पाठीवर पडून मारलेली कुस्ती

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी वायसर आणायला पौडच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि वायसर न घेता ज्युजित्सूच्या वर्गात नाव घालून घरी आले. वय शेहेचाळीस, वजन एकसष्ट किलो. दोन्ही आकडे मी दुकानदारांना तिथल्या तिथे खरे सांगितले, म्हणजे नंतर कोणाची तक्रार नको.

झालं असं की मी गल्ल्यापाशी उभी असताना वरून धप्पकन आवाज आला. माळ्यावर त्यांचं गोदाम आहे हे मला माहीत होतं.

"गोण्या टाकतायत का?" मी विचारलं.

"न्हाई ताई, बायका पडत्यात," दुकानदार म्हणाले.

ते चाळिशीचे आहेत. पौडच्या जुन्या मुसलमान कुटुंबातले. दुकान त्यांच्या आजोबांनी सुरू केलेलं, आणि आमच्या घरातला एकूण एक नळ तिथूनच आलेला. ते पुण्यात जाऊन ज्युजित्सू, म्हणजे गादीवरची परदेशी कुस्ती, शिकले, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी धाकट्या भावाला गल्ल्यावर बसवून ते वर शिकवायला जातात; त्या दिवशी भाऊ अजून यायचा होता.

"पडत्यात?"

"पाडत्यात पण. आज एक बाई आली न्हाई, त्यामुळं एक जण जोडीशिवाय बसलीय. तुमी या की पाच मिनिटं."

मी गेले. गोदामाच्या एका बाजूला पीव्हीसीचे पाइप, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे, आणि मधे निळ्या-लाल मॅट अंथरलेल्या. थिनरचा वास. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "वायसर?" मी म्हटलं, "उद्या." त्याने नळाखाली बादली ठेवली आणि माझ्या कोपराला लागलेला निळा रंग पाहत राहिला.

मी उरवड्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. मशीनवरून उतरलेले लोखंडी बुश, म्हणजे बोटभर नळ्या, व्हर्नियरने मोजायचे. मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. अंदाजपंचे काही चालत नाही. ज्युजित्सूमधला पहिला डाव मला आवडला तो याच कारणाने. त्यात ताकद कमी आणि माप जास्त. त्याला आर्मबार म्हणतात. आपण पाठीवर झोपायचं. समोरची आपल्या दोन्ही पायांच्या मधे गुडघ्यांवर बसलेली असते, तिला वाटत असतं की आपण वर आहोत. तिचं मनगट आपल्या छातीशी घट्ट धरायचं. एक पाय तिच्या कमरेला लावून स्वतःचे नितंब आडवे फिरवायचे, दुसरा पाय तिच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा. आता तिचा हात आपल्या दोन मांड्यांच्या मधे सापडतो, कोपर बरोबर आपल्या ओटीपोटावर येतं. गुडघे आवळायचे आणि कंबर हळूहळू उचलायची. कोपर उलट्या बाजूला वाकत नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. समोरची मॅटवर किंवा आपल्या अंगावर थाप मारते, तिथे आपण सोडायचं. ताबडतोब सोडायचं. सरांनी पहिल्या दिवशी हेच आधी शिकवलं. वर आम्ही दुकानदारांना सर म्हणायचो.

सगळं मला समजलं. फक्त एक गोष्ट जमेना. मला पाठीवर पडताच येईना.

म्हणजे सर म्हणायचे, "पाठ टेका," मी टेकवायची, आणि समोरची अंगावर आली की माझं अंग आपोआप वळून पोटावर जायचं. मी ठरवून करत नव्हते. जिवणी आवळून, डोळे मिटून, जमिनीला चिकटून राहायचं ठरवलं तरी खांदा उचलला जायचाच. आणि ज्युजित्सूमध्ये पोटावर वळून समोरच्याला पाठ देणं म्हणजे गळा त्याच्या हातात देणं. ती मागून हात घालायची आणि मी थाप मारायची.

माझी जोडीदार यवतमाळकडची होती. पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी, नवरा-बायको दोघं भूगावला राहायचे. ती माझ्यापेक्षा बरीच लहान आणि तीन किलोंनी हलकी. ती म्हणायची, "ताई, तू काऊन पलटून राहिली दर वेळेस? आय मीन, मले तर फ्री गिफ्ट भेटते ना!"

एकदा सरांनी मला असं चार-पाचदा वळताना पाहिलं आणि हसायला लागले.

"ताई, तुमी पैलवानाच्या घरच्या का?"

मी उठून बसले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या पाठीनं. आमच्याकडं तालमीतली पोरं येत्यात ती सगळी अशीच करत्यात. मेली तरी पाठ टेकवत न्हाईत. पण बायकांमदी पयल्यांदा बघतोय. तुमी कुस्ती खेळला व्हता?"

नव्हते. मुठा खोऱ्यातल्या आमच्या गावात तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, त्या तालमीतले नावाजलेले पैलवान. मी रोज सकाळी त्यांच्यासाठी दुधाची किटली घेऊन जायची आणि ती खिडकीच्या गजांतून आत द्यायची. किटली द्यायला एक क्षण पुरतो. मी मात्र खिडकीला लटकून पाहत बसायची. आणि घरी रात्रंदिवस एकच भाषा ऐकलेली: पाठ लागली की संपलं. दोन्ही खांदे मातीला टेकले की माणूस चीतपट, मग तो कितीही मोठा का असेना. खेळताना कोणी मला गादीवर ढकललं तरी आण्णा ओरडायचे, "उलट! पोटावर व्हो!" मी तालमीत कधी गेले नाही, पण तालीम माझ्या पाठीत येऊन बसली होती. हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी नळाच्या दुकानाच्या माळ्यावर कळलं, आणि मला इतका आनंद झाला की मी मॅटवर बसून हसत सुटले.

त्याच क्षणी मला आणखी एक हाव सुटली, ती सांगून टाकते. आण्णांनी गावातल्या कितीतरी पोरांच्या पाठीवर थाप देऊन "मारलीस रे!" म्हटलेलं मी खिडकीतून ऐकलं होतं. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, हे त्यांनी मला म्हणावं. अडचण अशी की मी जिंकणार ती पाठीवर पडून. आणि आण्णांच्या हिशेबात पाठीवर पडलेली बाई हरलेली होती.

दुसरी अडचण म्हणजे मी अजून एकदाही जिंकले नव्हते. एकदा यवतमाळवालीने थाप मारली होती, पण तिचं कोपर माझ्या ओटीपोटाच्या चांगलं चार बोटं खाली होतं. मी लगेच हात सोडला.

"ही तू दिलीस. मी घेतली नाही."

"काय ताई! घे ना आता. दिवाळी समज."

"नाही. रिजेक्ट."

तेवढ्यात आण्णा आमच्याकडे राहायला आले. त्यांना नवी कवळी करायची होती आणि पौडच्या दातांच्या डॉक्टरांनी मापं घ्यायला दोन-तीनदा बोलावलं होतं. वय सत्तरीच्या पुढे, पण खांदे अजून दारात आडवे होतील असे. कान कुस्तीने चुरगळलेले. मी संध्याकाळी पिशवी घेऊन निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुटं चाललीस?"

"कुस्ती खेळायला."

त्यांना ती थट्टा वाटली. खात्री करायला म्हणून ते स्कूटरवर माझ्यामागे बसून आले.

सरांनी त्यांना मान दिला. रंगाचा वीस लिटरचा डबा उपडा करून त्यावर गोणपाट टाकलं आणि बसवलं. आण्णांनी मॅटकडे पाहिलं, हाताने दाबून बघितलं.

"माती न्हाई?"

"न्हाई आण्णा. गादी."

"आन् तुमी वस्ताद?"

"शिकवतो थोडंफार."

"हं," आण्णा म्हणाले, "मास्तर." वस्ताद हा शब्द ते कोणालाही सहज देत नाहीत.

सराव सुरू झाला. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं होतं की पाठ सोडायची नाही, म्हणजे मॅटवरून सोडायची नाही. यवतमाळवाली वर आली. मी पाठीवर. खांदे टेकलेले. तिने माझ्या छातीवर हात टेकवला आणि मी तिचं मनगट धरलं. पकड चांगली बसली होती. कंबर फिरवायची तेवढी बाकी होती. इतक्यात डब्यावरून गर्जना झाली.

"उलट! उलट, पोरी! पोटावर व्हो!"

आणि मी झाले. त्या आवाजापुढे माझं काही चालत नाही. मी गर्रकन वळले, यवतमाळवालीने मागून गळ्यात हात घातला आणि मी थाप मारली. सगळ्या बायका हसत होत्या. सर पाइपांकडे तोंड करून खांदे हलवत होते.

आण्णा मात्र खूश. "आत्ता बरं! पाठ लागू दिली न्हाईस."

"आण्णा, मी हरले."

"कशी हरलीस? पाठ कुटं लागली?"

घरी जाताना स्कूटरवर आमचा वाद झाला आणि जेवताना तो पुढे चालू राहिला. नवरा ताटाकडे पाहून जेवत होता.

"खाली पडलेला माणूस जिंकतुया कसा, मला सांग."

"समोरच्याने थाप मारली की जिंकतो."

"आन् वर कोण हाय त्याला काय किंमत न्हाई?"

"त्याला गुण मिळतात. थाप मारली तर गुण बघत नाहीत, खेळ तिथंच संपतो."

आण्णांचा घास हातात राहिला. गुणांवर ठरलेल्या कुस्तीचा त्यांना आयुष्यभर राग. यात्रेतल्या फडात कुस्ती गुणांवर सुटली की ते पागोटं झटकून उठून जायचे. त्यांच्या लेखी खरी कुस्ती एकच, निकाली. एकाने दुसऱ्याला मारली, सगळ्यांनी पाहिली, पंचाला बोलायला जागा उरली नाही, अशी.

"म्हंजे निकाली," ते हळूच म्हणाले.

"निकालीच की."

त्यांनी घास खाल्ला. बराच वेळ चावला, कारण जुनी कवळी सैल होती. मग म्हणाले, "उद्या सुट्टी हाय ना तुला? मला लावून दाखव."

मी नको म्हटलं. सरांचा नियम आहे की डाव लावणारा जबाबदार असतो, आणि या वयातलं कोपर म्हणजे गंमत नाही. आण्णा म्हणाले, "घाबरलीस व्हय?" त्या वादात नवरा पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "लाव गं. नाहीतर हे मला लावायला सांगतील."

सकाळी आम्ही बैठकीच्या खोलीत दोन गाद्या शेजारी शेजारी टाकल्या. आण्णांनी सदरा काढला, कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात ठेवली, ती वाटी खिडकीत ठेवली आणि दंड चोळत म्हणाले, "ये."

मी आधी सगळं सांगून घेतलं. मी सावकाश लावणार, झटका देणार नाही, दुखायच्या आधी थाप मारायची किंवा नुसतं सोड म्हणायचं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नव्हतं. मी पाठीवर झोपले. ते समोर गुडघ्यांवर बसले आणि वरून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यांना बघवतच नाही. शेवटी राहवलं नाहीच.

"ऊठ की गं. असं काय पडलीस?"

"आण्णा, हात द्या."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकवला. मनगट माझ्या मुठीत मावत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी धरलं. पाय लावला, कंबर फिरवली, पाय डोक्यावरून टाकला आणि त्यांना कुशीवर आणलं. हात आला. मी कंबर उचलली. काही झालं नाही. आण्णा गादीवर आडवे पडून भिंतीकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा अगदी स्वस्थ होता. मग मी पाहिलं, तो चेहरा स्वस्थ नव्हता. ते विचार करत होते. गावात नवा डाव पाहिला की ते असेच दिसायचे.

"गुडघं लांब पडल्यात तुजं," ते म्हणाले. दात नसल्यामुळे बोलणं हवेसारखं येत होतं. "आवळ."

मी आवळले.

"आता माझा आंगठा बघ कुटं हाय. भितीकडं. तो वर कर. आकाशाकडं. व्हय. आता कोपार कुटं आलं?"

"ओटीपोटावर."

"थोडं खाली हाय. सरक. आजून. आत्ता बराबर." ते आता पूर्ण रंगात आले होते. "आन् हात छातीला धर, लेकराला धरत्यात तसा. सैल सोडला तर मी हिसकून घेईन की. हां. आता कंबार. हळू. हळू..."

मी कंबर एक बोट उचलली असेल.

"सोड सोड सोड!"

मी सोडलं. आण्णा उठून बसले, कोपर चोळत, डोळे मोठे करून. त्यांनी स्वतःच्याच हाताला बेडी घालायला मला शिकवलं होतं, शेवटचा खिळासुद्धा स्वतःच मारला होता, आणि हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. मग ते हसायला लागले. बिनदाताचं ते हसणं काही आवरेना. मी दहा वेळा विचारलं, दुखलं का, हात सरळ होतो का, मूठ वळते का. त्यांनी सगळं करून दाखवलं. नवऱ्याने चहा आणला.

"ह्यो डाव," आण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "आमच्या वक्ताला आसता ना."

मी वाट पाहिली. "मग? मारली का मी?"

"छ्या. मी शिकवत व्हतो. ती धरायची न्हाई."

आणि ते खरं होतं. मीही धरली नसती. ही सवय कोणाकडून आली तेही मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या वर्गाला आण्णा माझ्याआधी तयार. डॉक्टरांनी नवी कवळी दुपारीच बसवून दिली होती आणि तिच्यामुळे ते वेगळेच, जरा चिडलेले दिसत होते. ते गेले तसे डब्यावर बसले. सरांनी सगळ्यांना बजावलं, "आण्णा वरडले तरी आपलं आपण खेळायचं." आण्णा म्हणाले, "मी कशाला वरडतुया?"

यवतमाळवाली वर आली. तिने या वेळी मला सवलत द्यायची नाही असं ठरवलेलं दिसत होतं. वजन सगळं पुढे, कपाळ माझ्या हनुवटीखाली. मी दमले. एकदा मनगट धरलं, निसटलं. दुसऱ्यांदा धरलं. तिने जोर लावला आणि मला जाणवलं, माझा उजवा खांदा सुटायला लागला आहे. अंग वळायला निघालं होतं. ते मला नेहमी उशिरा कळतं. या वेळी थोडं आधी कळलं, पण थांबवणं हातात नव्हतं.

"टेक!"

डब्यावरून आवाज आला. सगळं गोदाम दणाणलं.

"पाठ टेक, पोरी! टेक पाठ! सोडू नको!"

खांदा खाली गेला. त्या आवाजापुढे माझं काही चालत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे. पाठ पूर्ण मॅटला लागली. मग बाकीचं घरच्या गादीवर झालं होतं तसंच झालं. पाय लावला, कंबर फिरली, पाय वरून गेला, गुडघे आवळले, तिचा अंगठा आकाशाकडे, हात लेकरासारखा छातीशी. कंबर हळू उचलली.

तिने थाप मारली. एकदा नव्हे, धडाधड.

मी सोडून उठले आणि आधी तिलाच विचारलं, "दिलीस का?"

"ताई!" ती कोपर धरून ओरडली. "हात तोडून राहिली होती तू माझा, अन् विचारते दिली का! सिरीयसली?"

सगळ्या हसल्या. मी आण्णांकडे पाहिलं. ते डब्यावर नव्हते. चपला काढून ते मॅटच्या काठाशी उभे होते, पण त्यांनी मॅटवर पाय ठेवला नव्हता, कारण शिकवणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आत जायचं नाही ही तालमीची रीत. त्यांनी सरांकडे पाहिलं.

"वस्ताद, येऊ का?"

सरांनी घाईने बाजूला होऊन जागा केली. मग म्हणाले, "या की आण्णा."

ते आले, वाकले, आणि माझ्या पाठीवर अशी थाप दिली की माझा घाम मॅटवर उडाला. "मारलीस गं," म्हणाले. आणि सरांकडे वळून, अगदी पंचाशी बोलतात तसं, "निकाली धरायची ना?"

"निकालीच," सर म्हणाले.

वायसर मला त्या दिवशी मिळाला. सरांनी निघताना हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ताई, हे तुमचं इनाम. मी घरी जाऊन तो बसवला आणि बादली उचलून बाल्कनीत ठेवली. आण्णा आत पलंगावर बसून गावच्या मित्राला फोन करत होते. तोही जुना पैलवान, कानाने कमी ऐकणारा, त्यामुळे सगळ्या इमारतीला ऐकू जात होतं.

"आमची पोरगी! व्हय, ती दुधाची किटली आणायची तीच. मारली तिनं. न्हाई, न्हाई, वर नव्हती. खाली व्हती. आरं, पाठ टेकली व्हती म्हणूनच मारली!" पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. आण्णा ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि मग त्यांचा संयम सुटला. "तुला फोनवर न्हाई कळायचं. तू हिकडं ये. ये आन् गादीवर झोप, दावतो."